वेबसाईट आणि मोबाईल ॲप : दोघांची तपासणी एकत्र का हवी?

कापडाचे थान घेताना वरचा एक मीटर पाहून आम्ही सौदा करीत नाही. दुकानाची वेबसाईट व ॲप करून घेताना मात्र आपले पुष्कळ व्यापारी बांधव प्रोग्रामरच्याच फोनवर एकदा पाहतात आणि मेहनताना चुकता करतात. गिऱ्हाईकाचा फोन निराळा असतो. तिथे ‘पैसे भरा’ हे बटन कीबोर्डखाली दडते आणि ऑर्डर जाते. गिऱ्हाईक तक्रारही करीत नाही.

दर वेळी हाताने तपासणे परवडत नाही. त्यासाठी दोन साधने फुकट मिळतात. वेबसाईटसाठी सेलेनियम, ते २००४ साली शिकागोत जेसन हगिन्स यांनी सुरू केले. (त्या काळी मर्क्युरी, म्हणजे पारा, या नावाच्या कंपनीचे साधन चाले, पाऱ्याच्या विषावर उतारा म्हणून हे नाव!) मोबाईल ॲपसाठी ॲपियम. दोघांची बोली एकच, वेबड्रायव्हर; २०१८ मध्ये तिला डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने प्रमाण मानले. ‘बटन शोध, दाब, मजकूर वाच’ असे हुकूम जावा किंवा पायथनमध्ये लिहायचे. ॲपियम ते अँड्रॉईडला व आयफोनला त्यांच्या पद्धतीने पोचवते. आयफोनसाठी मॅक संगणक लागतो, हा खर्च आधी विचारून घ्यावा.

बोली एक असल्याने एकाच चाचणीत दोन्ही चालवता येतात आणि खरा फायदा इथेच आहे. समजा, एका ओढणीचे ३ नग शिल्लक आहेत. सेलेनियमने वेबसाईटवर १ नग घ्यावा; लगेच ॲपियमने फोनवर २ शिल्लक दिसतात का पाहावे. मग ॲपवरून २ घ्यावेत आणि वेबसाईटवर ‘माल संपला’ येते का पाहावे. वेगवेगळ्या चाचण्यांत दोन्ही बाजू पास होतात. एकत्र चालवल्यावर कळते की एकच नग दोघांना विकला जात आहे. पैसे परत, वर बदनामी.

आकडा पोचायला थोडा वेळ लागतो. म्हणून ‘१० सेकंद थांब’ असे न लिहिता ‘आकडा बदलेपर्यंत थांब, ३० सेकंदांत न बदलल्यास नापास’ असे लिहून घ्यावे. माल चाचणीपुरता वेगळा नोंदवावा आणि पैसे भरण्याची सोय चाचणी पद्धतीवर ठेवावी.

आणखी एक जागा हमखास सुटते. ॲपमधील पैसे भरण्याचे पान अनेकदा आत उघडलेले वेबपानच असते, त्याला वेबव्ह्यू म्हणतात. ॲपियमला तिथे संदर्भ बदलायला सांगावे लागते, नाहीतर बटन सापडत नाही. मग प्रोग्रामर ती पायरीच गाळतो! ज्यांचा मजकूर उर्दूत आहे त्यांनी उजवीकडून डावीकडे जाणारी पानेही चाचणीत घालावीत.

एकदम अनेक यंत्रांवर चालवायचे तर सेलेनियम ग्रिड आहे. त्याच्या चौथ्या आवृत्तीला ॲपियमही जोडता येते. प्रत्येक फोनची ओळख व पोर्ट वेगळा ठेवावा, नाहीतर हुकूम एकमेकांत मिसळतात. फोन विकत घेणे नको असेल तर भाड्याने मिळतात; २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेली ब्राउझरस्टॅक हाच धंदा करते. संगणकातला नकली फोन रोजच्या कामाला ठीक, पण जुन्या स्वस्त फोनचा संथपणा त्यात दिसत नाही.

गिऱ्हाईक कोणते फोन वापरतात याची यादी वेबसाईटच्या नोंदींतून काढून त्यातले चार-पाच घ्यावेत. चाचण्यांचा कोड व नापास पायरीचे चित्र मालकाकडे राहील असे करारात लिहावे आणि शेवटचा हप्ता तो निकाल पाहिल्यावर द्यावा.