वॉश बफरचं झाकण

अगं, काल कोल्ड रूममधून बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा बघूनच कळलं. सकाळी सुपरनेटंटमध्ये भरपूर प्रोटीन होतं आणि कॉलमवरून उतरेपर्यंत सगळं गढूळ! ये, बस. पहिल्या वर्षी माझंही अगदी हेच झालं होतं.

आपलं प्रोटीन मेम्ब्रेनच्या स्निग्ध थरात राहणारं, त्याच्या मधल्या भागाचं पाण्याशी पटत नाही. एसडीएससारखं डिटर्जंट त्याला बाहेर काढतं, पण घडी मोडून. डीडीएम सौम्य. डोक्याला माल्टोज, शेपटी बारा कार्बनची, विद्युतभार नाही. लिपिडची जागा ते स्वतः घेतं आणि घडी बहुधा शाबूत राहते.

तू १ टक्का डीडीएममध्ये दोन तास फिरवलंस, १,००,००० जी वर तासभर स्पिन केलंस, तिथवर काहीच चुकलं नाही. पण पुढे? डीडीएम प्रोटीनला कायमचं चिकटत नाही गं. रेणू सारखे सुटतात, परत बसतात. भोवतालच्या बफरमध्ये ते पुरेसे नसले की सुटलेल्यांची जागा रिकामीच राहते आणि प्रोटीनं एकमेकांनाच बिलगतात. डीडीएमची सीएमसी, म्हणजे ज्या प्रमाणाच्या वर त्याचे रेणू एकत्र येऊन मायसेल बनतात, ती साधारण ०.००९ टक्के. म्हणून वॉश, इल्यूशन, जेल फिल्ट्रेशन, प्रत्येक बफरमध्ये ०.०२ ते ०.०३ टक्के हवंच.

माझा वॉश बफर आदल्या रात्रीचा होता. मीठ, ग्लिसरॉल, पीएच सगळं बरोबर, डीडीएम तेवढं सकाळी घालू म्हटलं आणि विसरले. आता डीडीएम घातल्याशिवाय मी झाकणावर ‘डी’ लिहीत नाही. शंका आली तर थोडा बफर ट्यूबमध्ये घेऊन हलवते. फेस रेंगाळला नाही तर कॉलमला लावत नाही. प्रोटीन असलेली ट्यूब मात्र अशी हलवू नकोस, फेसात त्याची घडी बिघडते.

आणि भीतीपोटी ढीगभरही घालू नकोस. काही प्रोटीनांना सोबतचे थोडे लिपिड लागतात, जास्त डिटर्जंट तेही धुऊन नेतं. कॉन्सन्ट्रेट करतानाही जप. डीडीएमचे मायसेल सुमारे ७० किलोडाल्टनचे, ५० च्या फिल्टरवर प्रोटीनबरोबर तेही साठतात. प्रोटीन-डिटर्जंटचा जोड मोठा असेल तर १०० चं फिल्टर वापरून बघ.

मेम्ब्रेनचा अर्धा पेलेट अजून उणे ८० मध्ये आहे ना? मग रडू नकोस. उद्या नऊला ये, आधी बाटल्या भरू.