बंदिस्त जलतरण-तलावातील हवा

थंड हवामानाच्या देशांत जलतरण-तलाव पुष्कळदा छपराखाली, चारी बाजूंनी बंद अशा इमारतीत बांधलेले असतात. आत शिरताच एक उग्र वास नाकाला झोंबतो. हा वास क्लोरिनाचा असून पाणी स्वच्छ असल्याची ती खूण होय, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही.

पाण्यातील रोगजंतूंचा नाश व्हावा म्हणून त्यात क्लोरिन मिसळतात. पोहणाऱ्यांचा घाम व मूत्र यांवाटे युरिया, अमोनिया यांसारखी नायट्रोजनयुक्त द्रव्ये त्याच पाण्यात येतात. क्लोरिनाची त्यांच्याशी रासायनिक क्रिया होऊन क्लोरामाइन वर्गातील संयुगे तयार होतात. त्यांपैकी ट्रायक्लोरामाइन हे पाण्यात फारसे विरघळत नाही. ते हवेत मिसळते. कारंजी आणि घसरगुंड्या यांमुळे पाणी जितके अधिक ढवळले जाते, तितका हा वायू अधिक सुटतो. झोंबणारा वास मुख्यतः त्याचाच असतो.

पोहावयास आलेला मनुष्य तासाभराने निघून जातो. जीवरक्षक व पोहणे शिकविणारे शिक्षक यांना मात्र त्याच हवेत रोज कित्येक तास काढावे लागतात. फ्रान्समधील ६३ तलावांवरील ३३४ जीवरक्षकांची पाहणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. हवेतील ट्रायक्लोरामाइनाचे प्रमाण जसे वाढते, तशा डोळे, नाक व घसा यांच्या जळजळीच्या तक्रारीही वाढतात, असे तीत दिसून आले. पुढे २००२ साली ब्रिटनमधील डॉक्टरांनी दोन जीवरक्षक व एक शिक्षक यांची तपासणी करून त्यांचा दमा या वायूमुळे उद्भवल्याचे दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दर घनमीटर हवेत ०.५ मिलिग्रॅम ही तात्पुरती मर्यादा सुचविली.

थंडीच्या दिवसांत बाहेरची हवा तापवून आत घेणे खर्चाचे असते. म्हणून पुष्कळ ठिकाणी आतलीच हवा पुन्हा पुन्हा खेळविली जाते आणि वायू साचत राहतो. पुरेशी ताजी हवा आत घेणे, तलावात नियमितपणे नवे पाणी सोडणे आणि हवेची वेळोवेळी तपासणी करणे, ही व्यवस्थापनाची कर्तव्ये होत. पोहणाऱ्याचे कर्तव्य याहून सोपे आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी त्याने साबण लावून आंघोळ केली आणि पाण्यात लघवी करण्याचे टाळले, तर या वायूला लागणारी सामग्रीच कमी होते. काठावर उभे राहून त्याच्या जिवाची राखण करणाऱ्याच्या श्वासाची राखण अशा रीतीने त्यालाही करता येते.