परदेशातल्या बुद्धिबळ स्पर्धेला मूल पाठवताना : अधिकृत शिक्का आणि मुलाची सुरक्षितता



२८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बातुमी शहरात नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकला. डाव संपल्यावर आईच्या गळ्यात पडून रडणारी दिव्या तुम्हीही टीव्हीवर, मोबाईलवर पाहिली असेल. २०१४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला १० वर्षांखालील मुलींचं जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हा ती अवघी आठ वर्षांची होती. आठ वर्षं म्हणजे आपल्या शाळेतली तिसरीची मुलगी.

आता कितीतरी घरांत परदेशी स्पर्धेचा विषय निघतो. पालक येऊन विचारतात, "सर, स्पर्धा अधिकृत आहे ना? मग पाठवायला हरकत नाही ना?" या एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. स्पर्धा अधिकृत आहे का, हा पहिला. मूल तिथं सुरक्षित राहील का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचंही मिळालं असं आपण धरून चालतो. तसं ते नसतं. आजच्या लेखात हेच नीट समजून घेऊया.

१. 'अधिकृत' म्हणजे नेमकं काय?

जागतिक पातळीवर बुद्धिबळाची संस्था आहे फिडे. भारतात अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ, आणि त्याखाली राज्य व जिल्हा संघटना. मुलांच्या परदेशी स्पर्धा ढोबळमानानं दोन प्रकारच्या असतात.

*पहिला प्रकार : निवडीतून जाण्याच्या स्पर्धा.* जागतिक कॅडेट स्पर्धा ८, १० आणि १२ वर्षांखालील मुलांची असते, तर जागतिक युवा स्पर्धा १४, १६ आणि १८ वर्षांखालील. दोन्हींत मुलं आणि मुली असे वेगळे गट असतात. इथं प्रवेश फक्त देशाच्या महासंघामार्फत मिळतो. आपल्याकडे राष्ट्रीय ७, ९, ११ वर्षांखालील अशा स्पर्धांत वरचा क्रमांक मिळवणारी मुलं पुढच्या वर्षीच्या ८, १०, १२ वर्षांखालील जागतिक गटांसाठी पात्र ठरतात. प्रत्येक गटात देशाच्या एका अधिकृत खेळाडूचा राहण्या-जेवणाचा खर्च आयोजक उचलतात. बाकीची मुलं 'अतिरिक्त खेळाडू' म्हणून जातात. त्यांचीही नावं महासंघच पाठवतो, पण खर्च घरचा. सोबत येणाऱ्या पालकांचा खर्चही बहुतेक वेळा घरचाच.

*दुसरा प्रकार : खुल्या स्पर्धा.* युरोपात आणि इतरत्र अशा स्पर्धा वर्षभर चालू असतात. फिडेचा ओळख क्रमांक असलेलं कुणीही प्रवेश शुल्क भरून खेळू शकतं. मुलाला गुणांकन मिळतं, अनुभव मिळतो. यात वाईट काही नाही. पण तिथं मूल भारतीय संघाकडून खेळत नसतं, स्वतःकडून खेळत असतं. "तुमच्या मुलाची भारताच्या प्रतिनिधित्वासाठी निवड झाली आहे, अमुक तारखेपर्यंत अमुक लाख भरा" असा मेसेज आला, तर तो कुठल्या प्रकारात बसतो हे आधी तपासा. स्पर्धा फिडेच्या यादीत आहे का, आणि निवड यादी महासंघानं स्वतः जाहीर केली आहे का, एवढं पाहिलं तरी बराच गोंधळ मिटतो. दहावीचे क्रीडा गुण किंवा पुढं नोकरीतलं खेळाडू आरक्षण डोक्यात असेल, तर पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. परदेशातलं प्रत्येक प्रमाणपत्र इथं चालतंच असं नाही.

२. शिक्का कशाची हमी देत नाही?

मान्यता म्हणजे नियम बरोबर आहेत, पंच पात्र आहेत आणि निकाल गुणांकनात धरला जाईल, एवढं. रात्री दहा वाजता मूल कुणाच्या खोलीत आहे हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

मान्यतेचा वापर बऱ्याचदा संघटनेच्या अधिकारासाठी होतो, हेही माहीत असू द्या. मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळल्याबद्दल काही खेळाडूंवर महासंघानं कारवाई केली होती. प्रकरण भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेलं. २०१८ मध्ये आयोगानं असे निर्बंध म्हणजे वर्चस्वाचा गैरवापर आहे असं ठरवून महासंघाला सुमारे ६ लाख ९२ हजार रुपयांचा दंड केला. त्या साऱ्या वादात 'अधिकृत' या शब्दाचा अर्थ 'आमच्या परवानगीचं' एवढाच होता. मुलांच्या सुरक्षिततेचा त्यात प्रश्नच नव्हता.

आता दुसऱ्या खेळातलं एक उदाहरण पाहा. २०२२ मध्ये भारताचा सायकलिंग संघ सरावासाठी स्लोव्हेनियाला गेला होता. दौरा पूर्ण अधिकृत होता. तिथं एका महिला सायकलपटूनं प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली. सुरुवातच खोलीच्या वाटणीपासून झाली होती : दोघांत एक खोली आहे, एकत्र राहावं लागेल, असं तिला सांगण्यात आलं होतं. तिला मायदेशी आणलं गेलं आणि प्रशिक्षकाचा करार रद्द झाला. त्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणानं नियम काढला, की ज्या पथकात महिला खेळाडू आहेत त्यात महिला प्रशिक्षक असलीच पाहिजे, देशात आणि परदेशातही. शिबिरात आणि परदेश दौऱ्यावर नियमपालनासाठी एक अधिकारी नेमायचा, हेही त्यात आलं.

ती खेळाडू प्रौढ होती, राष्ट्रीय संघातली होती. आपली मुलं दहा-बारा वर्षांची असतात, आणि खाजगी अकादमीच्या गटातून खुल्या स्पर्धेला गेली तर हे सरकारी नियमही त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. तिथं नियम आपणच करायचे असतात.

३. बुद्धिबळाच्या दौऱ्यात काय वेगळं असतं?

*मुक्काम मोठा.* जागतिक कॅडेट स्पर्धेत ११ फेऱ्या असतात, म्हणजे बारा-तेरा दिवस सहज जातात. हॉटेलचे दर एका खोलीत किती जण यावर ठरतात. पैसे वाचवायला खोल्या वाटून घेतल्या जातात आणि धोका बहुतेक वेळा तिथंच शिरतो.

*पालक आत नसतात.* डाव सुरू झाला की पालकांनी सभागृहाबाहेर जायचं. मुलाजवळ मोबाईल ठेवता येत नाही. डाव तीन-चार तास चालू शकतो. हरून बाहेर आलेलं मूल त्या क्षणी सगळ्यात हळवं असतं. त्याला बाहेर कोण भेटणार, हे आधीच ठरलेलं हवं.

*तपासणी होते.* फसवणूक रोखण्यासाठी पंच खेळाडूचे कपडे, पिशवी, अंगझडतीसुद्धा घेऊ शकतात. फिडेच्या नियमातच लिहिलंय, की ही तपासणी इतरांच्या नजरेआड व्हावी आणि तपासणारी व्यक्ती खेळाडूच्याच लिंगाची असावी. बहुतेक पालकांना हे माहीत नसतं आणि मुलांना तर कुणी सांगतच नाही. मुलीला स्पष्ट सांगून ठेवा : पुरुषानं तपासायचं म्हटलं तर "महिला पंच बोलवा" म्हणायचा तुला अधिकार आहे. मुलगा असो की मुलगी, "माझ्या सोबतच्या मोठ्या माणसाला बोलवा" एवढं वाक्य इंग्रजीत पाठ करून घ्या.

*मुलींना वेगळा त्रास होतो.* जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या टाटा स्टील स्पर्धेनंतर दिव्यानं समाजमाध्यमावर उघडपणे लिहिलं, की प्रेक्षक तिच्या खेळापेक्षा तिचे केस, कपडे आणि बोलण्याची ढब यांवरच जास्त बोलतात. तेव्हा ती १८ वर्षांची होती. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये फ्रान्समधल्या महिला खेळाडूंनी लैंगिक त्रासाविरुद्ध खुलं पत्र काढलं होतं. किशोरवयात मुली खेळ सोडतात त्याचं हे एक मोठं कारण आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. आपल्या गावातली मुलगी सातवीनंतर बुद्धिबळ सोडते तेव्हा "अभ्यास वाढला" एवढंच कारण लिहून मोकळं होऊ नका. तिला विचारा.

४. पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

खरी अडचण इथं आहे. ज्या घरात पैसा आहे, तिथली आई किंवा वडील सोबत जातात. ज्या घरानं कर्ज काढून, वर्गणी करून मुलाचं तिकीट काढलंय, त्या घरचं मूल प्रशिक्षकाबरोबर एकटं जातं. म्हणजे सुरक्षितता ऐपतीवर ठरते. म्हणून एकट्यानं जाणाऱ्या मुलासाठी हे प्रश्न जास्त महत्त्वाचे. उत्तरं तोंडी नकोत, लेखी घ्या.

१) गटात मुलं किती आणि मोठी माणसं किती? मुली असतील तर सोबत महिला कोण?
२) खोलीत कोण कुणाबरोबर राहणार? मूल आणि पालक नसलेली मोठी व्यक्ती एका खोलीत नको, मग ती कितीही ओळखीची असो.
३) सोबत जाणाऱ्या प्रशिक्षकाचं पोलीस पडताळणी प्रमाणपत्र आहे का? इंग्लंडमध्ये मुलांबरोबर काम करणाऱ्यांची अशी पार्श्वभूमी तपासणं ही रुळलेली पद्धत आहे. आपण मागितलं तर त्यात अपमान कसला?
४) डावाचं विश्लेषण कुठं होणार? हॉटेलच्या लॉबीत किंवा सगळ्यांच्या बैठकीच्या जागी व्हावं, बंद खोलीत नको.
५) मूल रोज किती वाजता घरी व्हिडिओ कॉल करणार? त्या वेळी त्याला एकट्याला बोलता येईल का?
६) मूल आजारी पडलं तर निर्णय कोण घेणार? प्रवास विमा कुणी काढलाय?
७) तक्रार करायची तर कुणाकडे? प्रशिक्षक सोडून दुसऱ्या व्यक्तीचं नाव आणि नंबर हवा.

सोबत द्यायचे कागद : आई-वडील दोघांच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतीपत्र (मूल कुणाबरोबर, कुठं, किती दिवस), पासपोर्टची छायाप्रत, औषधांची यादी आणि त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा नंबर. हा नंबर मुलाच्या पिशवीतही कागदावर लिहून ठेवा. मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची नाही.

प्रामाणिक प्रशिक्षकाला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट हे नियम त्यालाही खोट्या आरोपांपासून जपतात. "आमच्यावर विश्वास नाही का?" असं उत्तर आलं, तर थांबा आणि पुन्हा विचार करा.

५. शिक्षक म्हणून आपण काय करू शकतो?

आपल्याला बुद्धिबळ येत नसलं तरी चालेल. रजेचा अर्ज आपल्याच टेबलावर येतो ना? त्या वेळी वरचे प्रश्न पालकांना विचारा. कित्येक पालकांना इंग्रजी पत्र वाचता येत नाही. ते त्यांच्याबरोबर बसून वाचा.

वर्गात एक तासिका असा उपक्रम घेता येईल. 'कोमल' हा सुरक्षित-असुरक्षित स्पर्शावरचा छोटा ॲनिमेशनपट दाखवा. मग मुलांना प्रसंग द्या आणि "तू काय करशील?" विचारा :

- "सर म्हणाले, एकटाच माझ्या खोलीत ये, खास चाल शिकवतो. कुणाला सांगू नको."
- "हरलो म्हणून सरांनी सगळ्यांसमोर शिव्या दिल्या, जेवायला दिलं नाही."
- "अनोळखी माणूस म्हणाला, तुझा फोटो काढू का, नंबर दे."

दुसरा प्रसंग मुद्दाम घेतलाय. मारणं, उपाशी ठेवणं, घालून पाडून बोलणं हासुद्धा छळच. 'शिस्त' म्हणून आपण तो सोडून देतो. चर्चेतून तीन वाक्यं मुलांच्या तोंडी बसली पाहिजेत : "मला नको." "मी बाहेर जातो." "मी घरी सांगणार." आज्ञाधारक मुलाचं आपण फार कौतुक करतो, पण "नाही" म्हणता येणं हाही शिकवण्याचाच विषय आहे.

६. काही घडलंच तर?

मूल सांगत असेल तर आधी ऐका. "तू तिथं गेलासच का?" हा प्रश्न नको. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा.

परदेशात असताना मुख्य पंच, पथकप्रमुख, तिथले पोलीस आणि भारतीय दूतावास यांच्याशी संपर्क करा. युरोपीय संघातल्या देशांत आपत्कालीन नंबर ११२ आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. परत आल्यावर कोणत्याही पोलीस ठाण्यात जाता येतं. "घटना आमच्या हद्दीतली नाही" म्हणून तक्रार नाकारता येत नाही. भारतीय नागरिकानं परदेशात केलेल्या गुन्ह्याला आपला कायदा लागू होतो, मात्र खटल्यासाठी केंद्र सरकारची मंजुरी लागते. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाईन देशात कुठूनही मोफत लागते.

शिक्षकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. "शाळेचं नाव खराब होईल", "मुलाचं करिअर जाईल" ही कारणं कायद्यात बसत नाहीत. मुलाची ओळख उघड करणंही गुन्हा आहे, त्यामुळे शाळेच्या ग्रुपवर एक अक्षरही नको.

पालकहो, हा लेख वाचून मुलांना परदेशी पाठवूच नका असं कृपया समजू नका. जरूर पाठवा. आपल्या तिसरीतल्या मुलीनं डर्बनला, बातुमीला जाऊन जगातल्या मुलींसमोर बसावं, हे स्वप्न चांगलंच आहे. फक्त स्पर्धेच्या मान्यतेचा कागद फाईलला लावाल, त्याच दिवशी सात प्रश्नांच्या उत्तरांचा कागदही त्याच फाईलला लावा. दुसरा कागद तयार नसेल, तर पहिल्यावर विसंबून तिकीट काढू नका.

हे सात प्रश्न वहीत उतरवून पुढच्या पालकसभेत वाचून दाखवता आले तर जरूर वाचा. तुमच्या शाळेतून मुलं बाहेर खेळायला जातात तेव्हा तुम्ही आणखी कोणती काळजी घेता, तेही कळवा. सगळ्यांनाच उपयोग होईल.