पाखरांचे दोन सोबती

दरवर्षी ५ नोव्हेंबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळला जातो. राज्य शासनाने हा प्रघात २०२० साली सुरू केला. सप्ताह म्हणजे सात दिवस. मग हा सप्ताह आठ दिवसांचा कसा, अशी शंका चौकस मुलाच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. त्या शंकेचे उत्तर दोन माणसांच्या जन्मतिथींत आहे. ५ नोव्हेंबर हा वनाधिकारी व साहित्यिक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, तर १२ नोव्हेंबर हा पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा. दोन्ही टोकांचे दिवस पदरात घ्यावयाचे, म्हणून सप्ताहात एक दिवस अधिक आला.

पाखरे कोणाला आवडत नाहीत? अंगणात उतरलेल्या पाखराकडे लहानथोर सारेच क्षणभर पाहतात आणि पुन्हा आपापल्या कामाला लागतात. या दोघांच्या बाबतीत मात्र ते क्षणभर पाहणे हेच पुढे आयुष्यभराचे काम झाले. ते कसे झाले, हे पाहण्यासारखे आहे.

सलीम अलींचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे ते खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढले. त्या काळी शिकार हा खानदानी छंद समजला जाई, आणि घरातील मुलाच्या हाती छर्‍यांची बंदूक असण्यात कोणाला वावगे वाटत नसे. एके दिवशी सलीमने एक चिमणी टिपली. हातात घेऊन पाहतो, तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! घरात वावरणाऱ्या चिमणीच्या गळ्यावर असा डाग कधी दिसला नव्हता. ही खाण्यास योग्य की अयोग्य, असा प्रश्न घेऊन मुलगा मामांकडे गेला. मामांनाही तो पक्षी ओळखता येईना. त्यांनी एक चिठ्ठी लिहून भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेत धाडले.

१८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे चिटणीस त्या वेळी मिलार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ होते. साहेबासमोर उभे राहण्याचा मुलाचा तो पहिलाच प्रसंग. छातीत धडधडत होते. मिलार्डांनी पाहताक्षणी सांगितले, की ही पीतकंठी चिमणी होय. परंतु नाव सांगून त्यांनी मुलाची बोळवण केली नाही. त्यांनी कपाटांचे खण उघडून पेंढा भरून जतन केलेले नाना जातींचे पक्षी त्याला दाखविले आणि वाचावयास पुस्तके दिली. एक चिमणी हकनाक मेली याचे आज आपल्याला वाईट वाटते, आणि ते योग्यच आहे. तथापि त्या मुलाने डाग पाहिला होता आणि पाहून विचारले होते, एवढेही विसरून चालणार नाही. १९८५ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. वार्धक्यात लिहिलेल्या त्या ग्रंथाच्या नावातही ती चिमणी आहे.

पुढची वाट मात्र सरळ नव्हती. घरच्या व्यवसायासाठी त्यांना ब्रह्मदेशात जावे लागले. विद्यापीठाची पदवी हाती नसल्यामुळे पक्षिशास्त्रातील सरकारी जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, प्रेक्षकांना निसर्गविभागाची माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी लागली. ती करीत असता आपले ज्ञान अपुरे आहे हे त्यांना जाणवले. म्हणून रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि तेथील थोर पक्षिशास्त्रज्ञ स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० साली मायदेशी परतले, तो पैशाच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झालेली! विद्या होती, उत्पन्न मात्र नव्हते. वय तेहतीस वर्षांचे, पदरी संसार.

मुंबईत राहणे परवडण्याजोगे नव्हते. तेव्हा ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम या गावी राहावयास गेले. तेव्हाचा हा कुलाबा जिल्हा, आजचा रायगड. एकीकडे समुद्र, दुसरीकडे भातखाचरे, आणि पावसाळ्याचे दिवस. त्या दिवसांत तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत गजबजू लागली.

सुगरण पक्षी कोणी पाहिला नाही? विहिरीवर वाकलेल्या बाभळीला किंवा शिंदीच्या झावळ्यांना लोंबणारे, दुधी भोपळ्याच्या घाटाचे खोपे खेड्यापाड्यांतील मुलांच्या परिचयाचे असतात. या खोप्यांबद्दल कितीतरी समजुती प्रचलित होत्या. आत ओल्या मातीचे लहान लहान गोळे चिकटविलेले आढळतात. त्यांवर सुगरण काजवे बसविते व रात्री घरात उजेड करते, ही समजूत तर फार जुनी. शिवाय एकाच झाडावर काही खोपे पुरे, तर काही अर्धेच विणलेले असतात. अर्ध्या खोप्याचा आकार उपड्या टोपासारखा असतो आणि त्याच्या तळाशी एक आडवा पट्टा असतो. मादी शेजारी अंडी उबवीत असता नराला बसावयास केलेला हा झोपाळा आहे, असे लोक सांगत.

सलीम अलींनी या समजुती खोडून काढण्यासाठी वादविवाद केला नाही. ते खोप्यांच्या निकट आडोशाला बसले आणि पाहू लागले. कोणता नर केव्हा आला, मादी कोणत्या खोप्यात शिरली, किती वेळ थांबली, हे सारे टिपून ठेवू लागले. बाहेरून पाहणाऱ्यास वाटले असते, की हा बेकार माणूस पाखरांकडे पाहत वेळ घालवीत आहे!

काय दिसले त्यांना? विणीच्या दिवसांत नराचे डोके व छाती हळदीसारखी पिवळी होते. मादी मात्र चिमणीसारखी साधीच राहते. खोपा विणतो तो नर. गवताच्या किंवा भाताच्या पात्याच्या कडेला तो चोचीने खाच पाडतो, ती कड चोचीत घट्ट धरून उडतो, आणि पात्याची लांब चिरफळी सुटून त्याच्याबरोबर येते. अशा शेकडो फेऱ्या होतात. सुमारे आठ दिवसांत अर्धा खोपा तयार झाला, की नर त्याला लटकून पंख फडफडवितो व कलकलाट करितो. मग माद्यांचा थवा येतो. त्या खोप्यात शिरतात, ओढून पाहतात, फांदी पाहतात. एखादीला खोपा पसंत पडला, तरच नर पुढचे विणकाम हाती घेतो. एका बाजूस अंड्यांची खोली होते, दुसरीकडून आत येण्याची नळी खाली लोंबू लागते. आतली मऊ सजावट मादी करते. अंडी उबविण्याचे काम तिचे एकटीचे. आणि नर? तो जवळच दुसरा खोपा विणावयास घेतो व दुसऱ्या मादीची वाट पाहतो! जो खोपा कोणाही मादीला पसंत पडत नाही, तो अर्धाच राहतो.

म्हणजे झोपाळ्याची गोष्ट खरी नव्हती. अर्धा खोपा हा नाकारलेला खोपा होता. हे निरीक्षण सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ साली छापून आले आणि जाणत्यांचे लक्ष त्या बेकार माणसाकडे वळले. पुढे त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. तंबूचा व प्रवासाचा खर्च तेवढा द्यावा, माझ्या श्रमाचे मोल नको, अशी त्यांची अट असे. भारतातील पक्ष्यांविषयीचे त्यांचे पुस्तक १९४१ साली निघाले आणि घरोघरच्या पक्षिप्रेमींच्या हाती गेले. १९८७ साली त्यांचे निधन झाले.

येथे मराठीच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे. विणकर नर, आणि आपण नाव ठेवले सुगरण! घर नीटनेटके ठेवणारी ती सुगरण, असा आपला समज. म्हणून सुंदर खोपा दिसताच तो बांधणारी बाईच असणार, असे आपल्या पूर्वजांनी धरून चालले असावे. नाव चुकले असेल, पण ते देणाऱ्यांची नजर आंधळी नव्हती. त्या विणीतले कसब त्यांनी ओळखले होते. अशी नावे शहरात जन्मत नाहीत. ती शेतकऱ्यांच्या, गुराख्यांच्या आणि रानात राहणाऱ्या लोकांच्या तोंडी असतात. त्यांच्यापाशी शिष्य होऊन बसणारा एक वनाधिकारी पुढे महाराष्ट्राला लाभला. ते मारुती चितमपल्ली.

चितमपल्लींचा जन्म १९३२ साली सोलापुरात एका तेलुगू भाषिक घरात झाला. रानाची पहिली ओळख त्यांना आईने आणि मामांनी करून दिली. कोइमतूर येथे वनविद्येचे शिक्षण घेऊन ते वनखात्यात रुजू झाले. कर्नाळा, नवेगाव बांध, नागझिरा, मेळघाट अशा ठिकाणी त्यांची सेवा झाली. वनाधिकाऱ्याचे काम म्हणजे नुसते रानात हिंडणे नव्हे. तोडलेल्या लाकडाची मोजदाद, वणव्याचा बंदोबस्त, कागदपत्रांचे भारे, हे सारे त्यात येते. झाडाचे घनफळ काढणाऱ्याला त्या झाडावर रात्री कोण झोपते, हे विचारण्याची सरकारी गरज नसते. चितमपल्ली ते विचारीत.

पूर्व विदर्भातील नवेगाव बांध हा कोहळी समाजातील कोलू पाटलांनी अठराव्या शतकात बांधलेला विस्तीर्ण तलाव. भोवती डोंगर, दाट अरण्य, आणि हिवाळ्यात दूरदेशींहून येणारे पाणपक्षी. तेथील माधवराव पाटील हे अरण्याचे मोठे जाणकार. हुद्द्याने अधिकारी असलेले चितमपल्ली त्यांच्याकडून आणि तेथील आदिवासींकडून शिकले. पाऊलखुणा कशा वाचाव्या, कोणते पाखरू कोठे घरटे करते, त्याला येथले लोक काय म्हणतात, हे ऐकावे आणि वहीत टिपून ठेवावे, असा त्यांचा क्रम होता.

संध्याकाळी कित्येक पक्षी एखाद्या ठरावीक झाडावर झोपण्यासाठी गोळा होतात, हे आपण पाहतो. अशा जागेला इंग्रजी ग्रंथांत स्वतंत्र शब्द होता; मराठी ग्रंथांत तो नव्हता. चितमपल्लींनी ‘रातनिवारा’ हा शब्द लिखाणात आणला. कावळ्यांच्या वसाहतीला त्यांनी ‘काकागार’ म्हटले, आणि बगळे व त्यांचे भाईबंद एकत्र घरटी करतात त्या जागेला ‘सारंगागार’. यांतील शेवटचे दोन शब्द संस्कृत घडणीचे आहेत व ग्रंथात शोभतात. पण रातनिवाऱ्याची गोडी काही वेगळीच. तो ऐकताच अर्थ विचारावा लागत नाही.

अरण्य तुटले तर ते डोळ्यांना दिसते. अरण्यातला एखादा वृद्ध वारला आणि त्याच्याबरोबर एका पाखराचे नाव गेले, तर ते कोणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून चितमपल्ली शब्दांच्या मागे लागले. नोकरी संभाळून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला आणि हंसदेव या जैन पंडिताचा मृगपक्षिशास्त्र हा मध्ययुगीन ग्रंथ मराठीत आणण्याच्या कामी परिश्रम घेतले. एकेका पाखराची निरनिराळ्या भाषांतील नावे एकत्र करून ‘पक्षिकोश’ रचला. १९९० साली ते सेवानिवृत्त झाले. वही मात्र मिटली नाही. २००६ साली सोलापुरात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ज्या घरात तेलुगू बोलली जाई, त्या घरातील मुलाला मराठीने आपल्या जन्मगावीच हा मान दिला. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षीच्या १८ जून रोजी सोलापुरातच त्यांनी देह ठेवला.

पक्षी सप्ताह येतो तेव्हा पाऊस सरलेला असतो आणि सुगरणीची पिले उडून गेलेली असतात. विहिरीवरच्या बाभळीला खोपे मात्र लोंबत राहतात. त्यांत नळी असलेले किती आणि टोपासारखे किती, हे खालून उभे राहूनही मोजता येते. सूर्य मावळतीला गेला, की मैना आणि पोपट कलकलाट करीत आपल्या रातनिवाऱ्याकडे निघतात.