कुंडीतली क्रॅनबेरी आणि बांधावरचं करवंद

प्रश्न : माझ्या सुनेला वर्षातून तीन-चार वेळा लघवीला जळजळ होते. कुणीतरी क्रॅनबेरी घ्यायला सांगितली. मेडिकलमधल्या पुड्या महाग पडतात, म्हणून नर्सरीतून क्रॅनबेरीचं रोप आणलं. त्याला काटे आहेत आणि पान तोडलं की दूध येतं. शेजारच्या आजी म्हणतात, हे तर करवंद! मग क्रॅनबेरी म्हणजेच करवंद का? आमच्या काळ्या रानात ते येईल का? आणि त्याची फळं खाऊन सुनेचा त्रास जाईल का?
– एक वाचक, सेलू तालुका, जि. परभणी

उत्तर : तुमच्या एका पत्रात तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच हा गोंधळ होतो. आधी रोपाचा निकाल लावू.

शेजारच्या आजी बरोबर सांगतात. काटा आणि दूध या दोन खुणा पुरेशा आहेत. क्रॅनबेरीला काटा नसतो आणि तिचं पान खुडलं तर पांढरा चीक येत नाही. करवंद हे रुई आणि चाफ्याच्या कुळातलं झुडूप, म्हणून त्याला चीक. क्रॅनबेरीचं कूळ अगदी निराळं. तिचे नातलग म्हणजे ब्लूबेरी आणि हिमालयात फुलणारा बुरांश. ही सगळी थंड हवेची, आंबट मातीची मंडळी. फळ कापलं तर फरक आणखी स्पष्ट दिसतो. क्रॅनबेरी आडवी चिरली की आत चार पोकळ्या दिसतात, त्यांत हवा असते, म्हणून ती पाण्यावर तरंगते. कच्चं करवंद चिरलं की सुरीला चिकट चीक लागतो आणि आत चपट्या बिया दिसतात. पिकलेलं करवंद चावून आतला रंग बघत ‘कोंबडा की कोंबडी’ खेळलेल्या कुणालाही ही ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही.

मग नर्सरीत हे नाव आलं कुठून? आपलं डोंगरातलं करवंद पिकल्यावर काळं होतं, म्हणून तर उन्हाळ्यात ‘काळी मैना’ अशी हाळी ऐकू येते. पण करवंदाच्या काही लागवडीच्या जाती वेगळ्या दिसतात. उत्तराखंडातल्या पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘पंत मनोहर’ आणि ‘पंत सुदर्शन’ या जातींची फळं पांढरट असून त्यांच्यावर गुलाबी छटा असते. ती गुलाबी, टपोरी, आंबट फळं बघून त्यांना ‘भारतीय क्रॅनबेरी’ म्हणण्याची पद्धत पडली आणि विकताना ‘भारतीय’ हा शब्द गळून गेला. करवंदाला दुसऱ्या फळाचं सोंग घ्यावं लागणं हे नवीन नाही. केकवर किंवा पानात जी लालभडक ‘चेरी’ असते, ती आपल्याकडे बहुतेक वेळा बिया काढून साखरेच्या पाकात मुरवलेलं आणि रंगवलेलं करवंदच असतं.

आता दुसरा प्रश्न. खरी क्रॅनबेरी आणली तर परभणीत येईल का? नाही येणार, आणि का नाही हे समजून घेण्यासारखं आहे.

हा वेल मूळचा उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातला. जमिनीवर सरपटतो, त्याची उभी फुटवी वीतभराची असते. तिथल्या दलदलीत, कुजलेल्या शेवाळाच्या आणि वाळूच्या मातीत तो वाढतो. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डेनिस गावी हेन्री हॉल यांनी १८१६ च्या सुमारास त्याची लागवड सुरू केली. वाऱ्याने वाळू उडून वेलांवर पडली की वेल जास्त जोमाने वाढतात, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. आज अमेरिकेतलं निम्म्याहून जास्त पीक विस्कॉन्सिन राज्यात निघतं. लाल फळांनी भरलेल्या तळ्यात उभी असलेली माणसं तुम्ही फोटोत पाहिली असतील. त्यावरून अनेकांना वाटतं की हे भातासारखं पाण्यात वाढणारं पीक आहे. तसं नाही. वेल वर्षातला बराच काळ ओलसर पण मोकळ्या जमिनीत असतात. काढणीच्या वेळी शेतात पाणी सोडतात, यंत्राने वेल हलवतात आणि पोकळीतल्या हवेमुळे फळं आपोआप वर येतात.

या वेलाच्या दोन अटी आहेत. पहिली आंबट मातीची. मातीचा सामू ४ ते ५.५ हवा. परभणीची काळी कसदार माती कापसाला, सोयाबीनला, ज्वारीला चांगली, पण तिचा सामू साधारण ८ च्या आसपास आणि तिच्यात चुनखडी असते. गंधक घालून ती आंबट करायला जाल तर चुनखडी तो आंबटपणा खाऊन टाकते. वर बोअरचं क्षारयुक्त पाणी दिलं की होतं नव्हतं तेही जातं. कुंडीत कोकोपीट भरून मातीची अट कशीबशी सांभाळता येईल. दुसरी अट मात्र सांभाळता येत नाही, ती थंडीची. फुलकळी धरायला या वेलाला हिवाळ्यात ७ अंशांच्या खालची थंडी शेकडो तास, बहुतेक जातींना हजार किंवा त्याहून जास्त तास लागते. परभणीचा पारा थंडीत चांगलाच उतरतो आणि त्याच्या बातम्याही होतात, पण ती पहाटेची थंडी दुपारपर्यंत टिकत नाही. मे महिन्यातल्या ४२-४३ अंशांबद्दल तर बोलायलाच नको.

‘महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी येते, मग ही का नाही?’ असं कुणी विचारेल. स्ट्रॉबेरीची रोपं तिथे दरवर्षी नव्याने लावतात आणि एका हंगामात पीक घेऊन मोकळे होतात. क्रॅनबेरीचा वेल वर्षानुवर्षं एकाच जागी राहणारा आहे, त्याला आपला प्रत्येक उन्हाळा सोसावा लागेल.

तिसरा प्रश्न सुनेच्या त्रासाचा, आणि सगळ्यांत महत्त्वाचा. क्रॅनबेरीत खरंच काही आहे का? आहे, पण जाहिरात सांगते तेवढं नाही.

लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग बहुतेक वेळा ई. कोलाय या जंतूमुळे होतो. हा आपल्या आतड्यातला रहिवासी, तिथून मूत्रमार्गात शिरतो. त्याच्या अंगावर बारीक तंतू असतात. गवताची कुसळं लुगड्याच्या काठाला धरावीत तसा तो या तंतूंनी मूत्राशयाच्या आतल्या पडद्याला धरून बसतो. एकदा पकड बसली की लघवीबरोबर वाहून जात नाही, वाढत राहतो. क्रॅनबेरीतली प्रोअँथोसायनिडिन नावाची द्रव्यं, त्यांतलाही ‘ए’ प्रकार, ही पकड बसू देत नाहीत. पूर्वी समजूत होती की क्रॅनबेरीने लघवी आंबट होते आणि जंतू मरतात. ती समजूत मागे पडली आहे. क्रॅनबेरी जंतू मारत नाही, त्याला चिकटायला अडवते. म्हणून तिचा उपयोग असलाच तर संसर्ग होण्याआधी. जळजळ सुरू झाल्यावर रस पिऊन संसर्ग बरा होत नाही, आणि त्या भरवशावर घालवलेले दिवस महागात पडतात.

कॉक्रेन ही संस्था जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासते. २०१२ साली तिचा निष्कर्ष होता की क्रॅनबेरीचा फारसा फायदा दिसत नाही. पुढे नव्या चाचण्या झाल्या. २०२३ मध्ये ५० अभ्यास आणि ८,८५७ माणसांची माहिती तपासून संस्थेने निष्कर्ष बदलला. ज्या स्त्रियांना हा संसर्ग वारंवार होतो, त्यांच्यात क्रॅनबेरीने धोका साधारण २६ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे जिथे शंभर जणींना त्रास झाला असता तिथे सुमारे चौऱ्याहत्तर जणींना झाला. मुलांमध्ये फायदा याहून जास्त दिसला. वृद्धाश्रमात राहणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि मूत्राशय नीट रिकामं न होणारे रुग्ण यांच्यात मात्र फायदा आढळला नाही.

मेडिकलमधल्या पुडीत क्रॅनबेरीच्या जोडीला अनेकदा डी-मॅनोज नावाचा साखरेचा एक प्रकार असतो. त्याची ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली, निकाल २०२४ साली आला. वारंवार संसर्ग होणाऱ्या जवळपास सहाशे स्त्रियांनी सहा महिने रोज पावडर घेतली. डी-मॅनोज घेणाऱ्या आणि नुसती गोड पावडर घेणाऱ्या स्त्रियांमध्ये सांगण्यासारखा फरक पडला नाही. पुडीचा खर्च करताना हे लक्षात असू द्या. बाटलीतल्या रसात आणि वाळवलेल्या क्रॅनबेरीत साखर फार असते. मूळ फळ इतकं आंबट की १०० ग्रॅममध्ये साखर जेमतेम ४ ग्रॅम, पण पाकिटातल्या वाळवलेल्या फळात ती ७० ग्रॅमच्या आसपास जाते. मधुमेह असेल तर ही पाकिटं नकोतच. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल किंवा मुतखड्याची तक्रार असेल, तर गोळ्या-पुड्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

करवंदाला हे सगळे गुण लागू होतात का? फळ वेगळं, कूळ वेगळं, त्यातली द्रव्यं वेगळी. क्रॅनबेरीसाठी जमलेला पुरावा करवंदाच्या नावावर लिहिता येत नाही. करवंद खाऊन लघवीचा संसर्ग थांबतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पण म्हणून रोप उपटून टाकू नका. करवंद हे खरोखर गुणाचं फळ आहे आणि आपण त्याला फार स्वस्तात सोडून देतो. त्यात क जीवनसत्त्व आहे, तंतू आहेत, पिकलेल्या फळाच्या गडद रंगात उपयोगी रंगद्रव्यं आहेत. पेक्टिन इतकं की जेली आपसूक घट्ट होते. लोहाचा जो मोठा आकडा सगळीकडे सांगतात तो वाळवलेल्या करवंदाचा आहे, मूठभर ताज्या फळांतून तेवढं लोह मिळत नाही. कच्च्याचं लोणचं उत्तम, फक्त रक्तदाब असणाऱ्यांनी त्यातल्या मिठाचा विचार करावा. झाड म्हणून तर ते आपल्याच हवेचं आहे. ऊन सोसतं, चुनखडीची जमीन चालते, पाणी कमी लागतं, आणि मीटर-मीटरवर लावलं तर दोन-तीन वर्षांत गुरं आत येणार नाहीत असं कुंपण होतं. पाणी साचलेलं मात्र त्याला सोसत नाही. तेव्हा कुंडीतून काढून पहिल्या पावसानंतर बांधावर, उताराच्या जागी लावा, भारी काळ्या रानाच्या मध्यभागी नको.

सुनेसाठी क्रॅनबेरीहून स्वस्त उपाय आहे आणि त्यालाही पुरावा आहे. वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांवर एक चाचणी झाली, ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. आपल्याकडे कापूस वेचायला, खुरपायला गेलेल्या बाया दिवसभर पाणी टाळतात, कारण रानात आडोसा नसतो. लघवी दाबून धरतात. हा त्रास कितीतरी घरांत तिथूनच सुरू होतो, आणि तो पुडीने जाणार नाही. सुनेला पाण्याची बाटली आणि रानात जायला आडोसा, दोन्ही मिळतील याची सोय घरच्यांनीच करायची आहे.

आणि वर्षातून तीन-चार वेळा त्रास होतो म्हणजे एकदा लघवीची कल्चर तपासणी आणि रक्तातली साखर करून घ्याच. जळजळीबरोबर थंडी-ताप, एका बाजूला कंबरदुखी किंवा लघवीत रक्त दिसलं, किंवा ती गरोदर असेल, तर घरगुती काही करत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.