बंद घरातील जलशुद्धियंत्र : निगा आणि पुनर्वापर

आषाढाच्या आरंभी श्रीसंत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरी येथे सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीत प्रवेश करते आणि नातेपुते येथे मुक्कामास विसावते. माळशिरस तालुक्यातील या गावी त्या रात्री लक्षावधी वारकऱ्यांच्या पाण्याची व्यवस्था करावी लागते. विहिरींचे निर्जंतुकीकरण, टँकरच्या फेऱ्या, जागोजागी होणारी पाण्याची तपासणी या कामांत शासकीय यंत्रणा आणि ग्रामस्थ अहोरात्र गुंतलेले असतात. सार्वजनिक पाण्याविषयी अशी दक्षता बाळगली जात असतानाच त्याच दिवसांत एक लहानसा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. वारीला निघालेल्या कुटुंबांच्या घरांना कुलपे लागतात. त्या घरांतील जलशुद्धियंत्रांचे काय होते?

हा प्रश्न केवळ वारीपुरता नाही. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस राहणारी मंडळी गावचे घर सणावारीच उघडतात. शाळांना दिवाळीची आणि उन्हाळ्याची दीर्घ सुट्टी असते. उन्हाळी सुट्टीनंतर जूनमध्ये शाळेची घंटा वाजते, तेव्हा पहिल्याच मधल्या सुट्टीत मुले ज्या यंत्राच्या तोटीखाली ओंजळ धरतात, ते यंत्र सहा आठवडे बंद पडून असते. शुद्ध पाण्यासाठी घेतलेले साधनच अशा वेळी अशुद्धतेचे उगमस्थान ठरू शकते. म्हणूनच यंत्र कसे वापरावे याच्या जोडीला ते बंद कसे ठेवावे, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

साचलेले पाणी का बिघडते?

नळाने येणाऱ्या पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक असतो. भारतीय मानक १०५०० नुसार निर्जंतुक केलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम इतका मुक्त क्लोरीन असावा लागतो. हा अंश म्हणजे पाण्याचा पहारेकरीच होय. परंतु शुद्धियंत्रातील सक्रिय कोळसा पाण्याचा वास आणि चव सुधारताना हाच क्लोरीन शोषून घेतो. त्यापुढील नळ्यांतील व टाकीतील पाणी त्यामुळे संरक्षणहीन होते. यंत्र रोज चालू असेल तोवर पाणी खेळते राहते. ते थांबले की कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकलेला सेंद्रिय अंश जिवाणूंना खाद्य म्हणून मिळतो आणि काही दिवसांतच आतील पृष्ठभागावर बुळबुळीत थर धरू लागतो. एकदा जमलेला हा थर नुसत्या पाण्याने सहजी निघत नाही.

जगभर या गोष्टीची जाणीव प्रकर्षाने झाली ती २०२० मध्ये. कोविडच्या टाळेबंदीमुळे शाळा, कार्यालये व वसतिगृहे अनेक महिने बंद होती. ती पुन्हा उघडण्यापूर्वी सर्व नळ सोडून साचलेले पाणी वाहून जाऊ द्यावे, अशा सूचना अनेक देशांतील आरोग्य यंत्रणांना द्याव्या लागल्या.

या विषयावरील पाश्चात्त्य माहितीपुस्तिकांत मुख्य भय दाखविलेले असते ते पाणी गोठून यंत्र फुटण्याचे. आपल्याकडे प्रश्न उलट आहे. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. पत्र्याच्या किंवा बंद खोलीत उष्णता अधिकच कोंडते. तिच्यामुळे जिवाणूंची वाढ वेगाने होते आणि आतील नाजूक भाग वाळून निकामी होतात. आपल्या परिस्थितीस अनुसरूनच आपण उपाय योजले पाहिजेत.

यंत्राचा प्रकार ओळखावा

घरोघरी आढळणारी यंत्रे ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत.

पहिला प्रकार कँडलच्या फिल्टरचा. दोन डब्यांपैकी वरच्या डब्यात भाजलेल्या मातीच्या सच्छिद्र कांड्या बसविलेल्या असतात. विजेची गरज नसलेले हे साधन बंद ठेवण्यासही सर्वांत सोपे आहे. कांड्या काढून स्वच्छ पाण्याखाली मऊ ब्रशने हलके घासाव्यात. साबण लावू नये, कारण तो छिद्रांत शिरून बसतो. कांडी केवळ मातीची असल्यास ती पाण्यात उकळून घेता येते. आत कोळसा भरलेली कांडी मात्र उकळू नये. त्यानंतर कांड्या हवेशीर जागी पूर्ण कोरड्या होऊ द्याव्यात आणि स्वच्छ कापडात किंवा कागदात गुंडाळून ठेवाव्यात. ओलसर कांडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्यास तिच्यावर बुरशी येते. डबे धुऊन, पुसून पालथे घालावेत. पुन्हा वापरताना कांडीस तडा गेला आहे काय, हे उजेडात निरखून पाहावे. तडा गेलेली कांडी म्हणजे उघडी वाटच होय.

दुसरा प्रकार अतिनील किरणांच्या, म्हणजेच यूव्ही यंत्रांचा. यातील दिवा जिवाणूंना निष्प्रभ करतो, पण पाण्यात कोणताही संरक्षक अंश सोडत नाही. दिवा विझला की संरक्षणही संपले. हे यंत्र बंद ठेवताना विजेची पिन काढावी, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करावा, आतील पाणी पूर्णपणे सोडून द्यावे आणि गाळाचे व कोळशाचे कार्ट्रिज काढून घ्यावेत.

तिसरा प्रकार आरओ यंत्रांचा. आपला जिल्हा काळ्या पाषाणाचा आहे. कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी कठीण असते. त्यामुळे या यंत्रांचा प्रसार मोठा आहे. ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत, तेथे आरओची आवश्यकता नाही, असे मत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये मांडले होते. तेव्हा यंत्र घेण्यापूर्वीच पाणी तपासून घेणे श्रेयस्कर. परंतु जेथे हे यंत्र आहे, तेथे त्याचे हृदय म्हणजे आतील मेंब्रेन कसे जपावे, हे समजले पाहिजे.

टाकी कोरडी, मेंब्रेन ओले

आरओच्या मेंब्रेनविषयी एक नियम ध्यानी ठेवावा. ते एकदा भिजले की पुन्हा वाळता कामा नये. अतिशय पातळ पापुद्र्याचे हे पटल नळकांड्यात गुंडाळलेले असते. ते सुकले तर त्यातून पाणी झिरपण्याची क्षमता कायमची घटते. म्हणून यंत्राची साठवण टाकी रिकामी व कोरडी करावी, पण मेंब्रेनचे नळकांडे मात्र रिते करू नये. नेमकी उलट कृती बहुतेक घरांत होते. टाकी भरलेली राहते आणि गळतीमुळे मेंब्रेन वाळून जाते.

दुसरी चूक अधिक महागात पडते. विहिरीत आणि टाकीत टीसीएल पावडर टाकण्याची सवय आपल्याला आहे आणि ती योग्यच आहे. त्याच विचाराने काही जण यंत्रातही टीसीएलचे द्रावण भरून ठेवतात. क्लोरीनमुळे मेंब्रेनच्या पापुद्र्याची झीज होते आणि मग क्षार व जंतू यांना अडविणारी भिंतच सच्छिद्र होते. बाहेरून यंत्र धडधाकट दिसते, पाणीही पूर्वीपेक्षा अधिक येते, पण ते शुद्ध झालेले नसते. क्लोरीन टाकीसाठी आहे, मेंब्रेनसाठी नाही.

बंद काळाची लांबी पाहून उपाय ठरवावा. दोन-तीन दिवसांच्या अनुपस्थितीत वीज व पाणी बंद करावे आणि परतल्यावर टाकीतील पाणी ओतून द्यावे. ते भांडी-फरशीसाठी वापरता येईल. वारीप्रमाणे दोन-तीन आठवडे घर बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करून पुसावी, व्हॉल्व्ह बंद करावा आणि यंत्रास ऊन लागणार नाही अशी व्यवस्था करावी. किल्ली शेजाऱ्याकडे असल्यास त्याने दोन-तीन दिवसांआड पंधरा मिनिटे यंत्र चालवून पाणी वाहू द्यावे, हा सर्वांत स्वस्त आणि उत्तम उपाय होय.

महिना वा त्याहून अधिक काळासाठी मेंब्रेन परिरक्षक द्रावणात ठेवावे लागते. खाद्य दर्जाचे सोडियम मेटाबायसल्फाइट यासाठी सर्वत्र वापरले जाते. १ लिटर क्लोरीनविरहित शुद्ध पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे १ टक्का, असे त्याचे प्रमाण आहे. मेंब्रेन या द्रावणात बुडवून हवाबंद ठेवावे आणि सावलीत, थंड जागी राखावे. या रसायनाचा उग्र वास दम्याच्या रुग्णास त्रासदायक ठरतो. म्हणून द्रावण मोकळ्या हवेत करावे, हातमोजे घालावेत आणि मुलांना दूर ठेवावे. कालांतराने द्रावण आम्ल होत जाते व त्याचा गुण उतरतो. त्यामुळे उन्हाळ्यात ते साधारणतः दरमहा बदलणे इष्ट असते. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी तंत्रज्ञाची मदत घ्यावी. उत्पादकाच्या पुस्तिकेतील सूचना वेगळी असल्यास तीच प्रमाण मानावी.

येथे खर्चाचीही एक बाब सांगितली पाहिजे. घर बंद करण्यापूर्वी नवे कार्ट्रिज बसविण्याची घाई करू नये. ते बंद यंत्रात पडून फुकट जातात. जुने काढून टाकावेत आणि परतल्यावरच नवे बसवावेत. बंद घरात उंदीर प्लास्टिकच्या नळ्या कुरतडतात. म्हणून मुख्य व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

शाळा आणि ग्रामपंचायत

घरातील चूक एका कुटुंबास भोवते, शाळेतील चूक शंभर मुलांस. यास्तव शाळांनी सुट्टीपूर्वीचे आणि सुट्टीनंतरचे असे दोन दिवस पाण्यासाठी राखून ठेवावेत. सुट्टीच्या आदल्या दिवशी यंत्र वरीलप्रमाणे बंद करावे, छतावरील टाकी रिकामी करून घासावी आणि झाकण घट्ट लावावे. शाळा उघडण्यापूर्वी निदान तीन दिवस टाकी पुन्हा धुऊन भरावी. १,००० लिटर पाण्यास ५ ग्रॅम टीसीएल या नेहमीच्या प्रमाणात निर्जंतुकीकरण करावे आणि अर्ध्या तासानंतर ओ.टी. चाचणी घ्यावी.

यंत्रातून आलेल्या पाण्याची तपासणी एच-टू-एस बाटलीने करता येते. ठराविक खुणेपर्यंत पाणी भरून बाटली उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवावी. पाणी काळे पडले तर ते पिण्यायोग्य नाही असे समजावे. तीन दिवस आधी काम सुरू करण्याचे कारण हेच. निकाल हाती येण्यापूर्वी मुलांना त्या तोटीपाशी जाऊ देऊ नये. गावचे जलसुरक्षक या कामी साहाय्य करू शकतात.

अनेक ग्रामपंचायतींनी सामूहिक शुद्धीकरण केंद्रे उभारली आहेत. पावसाळ्यात मागणी घटली, वीजजोडणी तुटली किंवा मोटार जळाली की ही केंद्रे बंद पडतात आणि पुन्हा चालू करताना सर्वच मेंब्रेन बदलण्याचा खर्च अंगावर येतो. केंद्र काही दिवस बंद राहणार हे दिसताच शुद्ध पाण्याने ते धुऊन परिरक्षक द्रावण भरून ठेवल्यास हा खर्च वाचतो. यासाठी एक वही पुरेशी आहे. बंद केल्याची तारीख, द्रावण भरल्याची तारीख, पुन्हा चालू केल्याची तारीख, चाचणीचा निकाल आणि जबाबदार व्यक्तीची सही, एवढ्या पाच नोंदी तीत असाव्यात.

पुन्हा सुरुवात करताना

परतल्यानंतरचा क्रम असा ठेवावा :

१. प्रथम घरातील नळ पाच-दहा मिनिटे सोडून वाहिनीतील साचलेले पाणी जाऊ द्यावे.

२. गाळाचे व कोळशाचे नवे कार्ट्रिज बसवावेत. परिरक्षक द्रावणातील मेंब्रेन जागेवर बसवून यंत्र किमान एक तास चालवावे आणि ते सर्व पाणी टाकून द्यावे.

३. टाकी आतून धुवावी. त्यानंतर भरलेल्या पहिल्या दोन टाक्यांचे पाणी पिऊ नये.

४. वास, चव किंवा रंग यांत फरक वाटल्यास यंत्र थांबवून तपासून घ्यावे. तोवर पाणी खळखळून उकळून थंड करून प्यावे.

जुनी शिस्त, नवे साधन

ही शिस्त आपल्या घरांना अपरिचित नाही. परगावी जाताना माठ आणि रांजण रिते करून, काथ्याने घासून पालथे घालण्याची रीत पूर्वापार आहे. तिच्यामागे शास्त्रही आहे. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास भांड्याच्या आतील कडेस अंडी घालतो. ती कोरड्या स्थितीतही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी मिळताच साधारण आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे घासावेच लागते. आठवड्याचा कोरडा दिवस पाळण्याचा आग्रह आरोग्य विभाग धरतो तो याचमुळे. रांजणाची जागा यंत्राने घेतली, तेव्हा ही रीत मात्र मागे राहिली.

आल्या-गेल्यास गूळ-पाणी देण्याची आपली परंपरा आहे. वारीहून परतलेल्या घरी दर्शनाला येणाऱ्या शेजाऱ्यापुढेही पहिल्यांदा पाण्याचा तांब्याच ठेवला जातो. तो तांब्या भरण्यापूर्वी यंत्रातील पहिल्या दोन टाक्या ओतून दिल्या आहेत काय, एवढा प्रश्न प्रत्येक गृहिणीने, शिक्षकाने आणि पंचायत सदस्याने स्वतःस विचारला, तर अनेक आजार उंबरठ्याबाहेरच थांबतील.