घरातील मांजराशी खेळ : आनंद आणि दक्षता

आपल्याकडे कौलारू घर, धान्याची कणगी आणि मांजर यांची सांगड फार जुनी आहे. धान्य आले तेथे उंदीर आला आणि उंदीर आला तेथे मांजर आले, अशा क्रमाने हा प्राणी माणसाच्या दारी पोहोचला. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनस्थानी माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले आढळले. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. इतका दीर्घ सहवास घडूनही मांजराचा मूळ पिंड शिकाऱ्याचाच राहिला आहे. मांजराशी खेळताना कोणती काळजी घ्यावी, याचे सारे नियम या एका गोष्टीतून निघतात.

खेळ म्हणजे शिकारीचा सराव

दबा धरणे, पाठलाग करणे, झेप घेणे, पंजात पकडणे आणि चावा घेणे या शिकारीच्या पायऱ्या होत. मांजराच्या प्रत्येक खेळात याच पायऱ्या दिसतात. पिल्लू साधारणपणे सात-आठ आठवड्यांचे झाले की हलणाऱ्या वस्तूवर झेप घेऊ लागते. त्यापूर्वीपासूनच ते भावंडांशी कुस्ती खेळत असते. एकाने जोराने चावा घेतला की दुसरे ओरडते आणि खेळ सोडून निघून जाते. दात किती जोराने लावावेत, याचे शिक्षण पिल्लाला येथेच मिळते. म्हणून निदान आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत पिल्लाला आई व भावंडे यांच्यापासून तोडू नये.

जे मांजर सदैव घरात बांधून किंवा कोंडून ठेवले जाते आणि ज्याला खेळ मिळत नाही, ते आळशी व स्थूल होते, सामान ओरबाडते किंवा चालणाऱ्या माणसाच्या पायांवर झडप घालते. हा त्याचा दुष्टपणा नसून न वापरलेल्या शक्तीचा परिणाम असतो.

घरच्या घरी करता येण्याजोगी खेळणी

यासाठी पैसे खर्च करण्याची आवश्यकता नाही.

१. दीड-दोन हात लांबीच्या गुळगुळीत काठीच्या टोकाला जुन्या कापडाची रुंद पट्टी घट्ट बांधावी व तिच्या शेवटी मोठी गाठ मारावी.

२. मांजराच्या तोंडात मावणार नाही एवढा कापडाचा किंवा कागदाचा चेंडू करावा.

३. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन-तीन बाजूंनी भोके पाडावीत. आत शिरणे, डोकावणे व दबा धरणे यांत मांजर रमते. काटे काढलेल्या शिजवलेल्या मासळीचे तुकडे आत ठेवल्यास ते शोधून काढण्यात त्याची बुद्धीही कामी लागते. खोक्याच्या लोखंडी पिना आधी काढून टाकाव्यात.

४. नखे घासण्यासाठी लाकडी खांबाला गोणपाट घट्ट गुंडाळून द्यावे. सुटलेले धागे वेळोवेळी कापावेत.

खेळणे मांजराच्या अंगावर नेऊ नये, त्याच्यापासून दूर न्यावे, कारण उंदीर कधी मांजराकडे धावत येत नाही. मध्येच थांबावे, दाराआड लपवावे, पुन्हा हळूच हलवावे. पहाटे व तिन्हीसांजेला मांजर स्वभावतःच अधिक चपळ असते, तेव्हा दहा-पंधरा मिनिटांचा खेळ पुरेसा होतो. शेवटी खेळणे त्याला पकडू द्यावे आणि मग जेवण द्यावे. शिकार, भोजन, अंग चाटणे व झोप हा त्याचा नैसर्गिक क्रम आहे. विजेरीचा किंवा लेसरचा ठिपका नुसताच पळवीत राहिल्यास हाती काहीच न लागल्यामुळे मांजर चिडते. शिवाय लेसरचा किरण डोळ्यांत गेल्यास इजा होते.

दोऱ्याचा धोका

मांजर व दोऱ्याचे रीळ हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु खेळातील सर्वांत मोठा धोका त्यातच आहे. मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात. तोंडात गेलेला दोरा या काट्यांमुळे बाहेर टाकता येत नाही, तो आतच ओढला जातो. त्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरात अडकते आणि दुसरे आतड्यात उतरते. आतडे दोरा पुढे ढकलू पाहते, पण तो सरकत नाही. मग चंचीची दोरी ओढल्यावर तिच्या तोंडाला चुण्या पडतात, तसे आतडे दोऱ्यावर गोळा होते. ताणलेला दोरा आतड्याची भिंत कापू लागतो आणि वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास मांजर दगावते.

वारंवार ओकारी, अन्न नाकारणे, लाळ गळणे व एका जागी अंग आखडून बसणे ही याची लक्षणे होत. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसल्यास तो कदापि ओढू नये. तेल किंवा तूप पाजून वाट पाहू नये. त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे. वेदना कमी व्हाव्यात म्हणून माणसाच्या गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजराला प्राणघातक ठरते.

शिवणकामानंतर सुई-दोरा डब्यात बंद करावा. चतुर्थी व दिवाळीच्या सजावटीतील चमचमत्या झिरमिळ्या, गजऱ्याचा दोरा, पतंगाचा मांजा, रबराची वळी व केसांच्या पिना जमिनीवर पडू देऊ नयेत. काठीला बांधलेले खेळणेसुद्धा खेळ संपताच कपाटात ठेवावे. कपाटातून घरंगळलेली डांबराची गोळी मांजराला चेंडूसारखी वाटते, पण ती विषारी असते. प्लॅस्टिकच्या पिशव्या खेळायला देऊच नयेत. कागदी पिशवी देताना तिचे बंद कापावेत, नाहीतर ते गळ्यात अडकतात.

हात हे खेळणे नव्हे

पिल्लाच्या तोंडासमोर बोटे नाचवणे मौजेचे वाटते. परंतु हात ही शिकार आहे असे पिल्लू त्यातून शिकते आणि मोठे झाल्यावर तीच सवय रक्त काढते. म्हणून हात आणि शिकार यांच्यामध्ये नेहमी काठी असावी. पिल्लाने हात पकडल्यास हिसका देऊ नये किंवा मारू नये. हात स्थिर ठेवावा, पकड सैल होताच काढून घ्यावा व खेळ थांबवावा.

कान मागे पाडणे, शेपटी जोराने आपटणे, पाठीची कातडी थरथरणे व गुरगुरणे या खुणा दिसताच खेळ आवरावा. मांजर पाठीवर लोळून पोट दाखवते, ते पोट चोळण्याचे निमंत्रण असतेच असे नाही. झोपलेल्या, जेवणाऱ्या किंवा पिल्लांना पाजणाऱ्या मांजराला मुलांनी हात लावू नये. लहान मुलांचा खेळ मोठ्यांच्या देखरेखीखालीच व्हावा. खेळ संपल्यावर सर्वांनी हात साबणाने धुवावेत.

मांजर चावल्यास किंवा त्याने ओरबाडल्यास जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, हळद किंवा चुना लावू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे व डॉक्टर सांगतील त्या लसीच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. रेबीज कुत्र्याप्रमाणेच मांजरापासूनही होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. गोवा शासनाने २०२१ साली राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित केले. परंतु नियंत्रण म्हणजे निर्मूलन नव्हे. मांजराला तीन महिन्यांच्या वयात प्रतिबंधक लस टोचावी व पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित द्याव्यात.

शिक्षकांसाठी

हा पाठ वर्गात घेताना शिक्षकांनी मुलांकडून कापडी पट्टीची काठी करून घ्यावी. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी आठवडाभर निरीक्षण करावे : मांजर कोणत्या वेळी खेळते, झेप घेण्यापूर्वी कान व शेपटी कशी असतात, कंटाळल्यावर ते काय करते. ज्यांच्या घरी मांजर नाही त्यांनी आपल्या घराच्या जमिनीवर आढळलेले दोरे, रबरी वळी व पिना वेचून त्यांची यादी करावी. ही यादी वर्गात वाचून दाखवली, तर धोका किती जवळ असतो हे मुलांना आपोआप कळेल.

मुक्या प्राण्याचा स्वभाव ओळखून त्याच्याशी खेळणे हेही एक शिक्षण आहे. खेळ सुरू करताना काठी हाती घ्यावी आणि खेळ संपताच दोरा उचलून ठेवावा. एवढी शिस्त घरातील प्रत्येकाने पाळली, तर मांजर व मूल दोघेही सुरक्षित राहतील.